नवजात हृदय आणि ताणसंप्रेरके : नंदुरबार जिल्ह्यातील कुटुंबांसाठी व आरोग्यसेविकांसाठी मार्गदर्शन

शरीरावर संकट आले, मग ते थंडीचे असो, उपासमारीचे असो, वेदनेचे असो की भीतीचे, तर दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात काही रसायने सोडतात. त्यांनाच ताणसंप्रेरके म्हणतात. त्यांपैकी ॲड्रेनालिन व नॉरॲड्रेनालिन ही क्षणार्धात काम करतात, हृदयाचे ठोके वाढवतात आणि त्वचेकडील रक्तवाहिन्या आकसून रक्त मेंदू व हृदयाकडे वळवतात, तर कॉर्टिसॉल हे संप्रेरक सावकाश आणि दीर्घकाळ काम करते, साठलेली ऊर्जा मोकळी करते आणि पेशींच्या वाढीची दिशा बदलते. प्रौढ हृदय असा ताण बहुधा निभावून नेते. नवजात बाळाचे हृदय मात्र अजून घडत असते, त्यामुळे तीच संप्रेरके अवेळी किंवा प्रमाणाबाहेर पोहोचली तर त्या घडणीतच उणीव राहू शकते, आणि ती उणीव पुढे भरून निघण्यास फारसा वाव नसतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, आणि त्यांतील भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा अनेक समाजांची वस्ती सातपुड्याच्या डोंगरउतारांवर पाड्यापाड्यांनी विखुरलेली आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरून गर्भवतीला बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, नर्मदाकाठच्या गावांना बोटीचा आधार घ्यावा लागतो, आणि त्यात मातेचे कुपोषण, रक्ताल्पता, सिकलसेल आजार व हंगामी स्थलांतर यांची भर पडते. यांतील प्रत्येक गोष्ट गर्भावर किंवा नवजात बाळावर ताण आणणारी आहे, आणि म्हणूनच ताणसंप्रेरकांचे हे शास्त्र या जिल्ह्यातील घराघरांत व उपकेंद्रांत समजून घेतले जाणे निकडीचे आहे.

ही संप्रेरके मुळात शत्रू नव्हेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत बाळाच्या रक्तातील कॉर्टिसॉल वाढत जाते, त्यामुळे फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचा, श्वासपिशव्या मिटू न देणारा पदार्थ तयार होतो आणि हृदयाचे स्नायुतंतू नीट रांगेत बसतात; उंदरांच्या गर्भात कॉर्टिसॉलला प्रतिसाद देणारे ग्राहक काढून टाकले असता हृदयाचे स्नायू विस्कळीत व अपक्व राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे. प्रसूतीच्या कळांत बाळाच्या रक्तात ॲड्रेनालिन वर्गातील संप्रेरकांची जी लाट उसळते तीही फुप्फुसांतील पाणी शोषले जाण्यास व पहिला श्वास घेण्यास मदत करते. अडचण निर्माण होते ती या संप्रेरकांची वेळ चुकली, मात्रा वाढली किंवा कालावधी लांबला म्हणजे.

हृदय घडते कसे, हे पाहिले म्हणजे या अडचणीचे स्वरूप कळते. गर्भात हृदयाच्या स्नायुपेशी एकीच्या दोन, दोनीच्या चार अशा विभागून वाढतात. जन्मानंतर मात्र हे विभाजन झपाट्याने मंदावते आणि पुढची वाढ पेशींची संख्या वाढून होत नाही, असलेल्या पेशी आकाराने मोठ्या होऊन होते. प्रौढपणी वर्षाकाठी जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी हृदयपेशी नव्याने तयार होतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात एका दिवसाच्या उंदराच्या हृदयाचा टोकाकडील भाग कापला असता ते हृदय पुन्हा भरून आले, परंतु सात दिवसांच्या उंदराचे हृदय तसे भरून येऊ शकले नाही. याचा अर्थ असा की जन्माच्या आगेमागे जेवढ्या पेशी हृदयाच्या वाट्याला येतात तेवढ्या भांडवलावर त्याला आयुष्य काढायचे असते. कॉर्टिसॉलच्या जातीची संप्रेरके पेशींना विभाजन थांबवून परिपक्व होण्याचा आदेश देतात, आणि हा आदेश अकाली मिळाला की भांडवल अपुरे राहते. नवजात उंदरांना पहिल्या काही दिवसांत डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे, पण त्याहून कितीतरी प्रबळ असे कृत्रिम स्टिरॉइड दिले असता हृदयपेशींचे विभाजन घटले, त्यांची एकूण संख्या कमी राहिली आणि मोठेपणी उरलेल्या पेशी अतिरिक्त भार वाहून फुगलेल्या आढळल्या. डीएनएवर बसणाऱ्या आणि जनुकांचे काम चालू वा बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा बदलल्याने हे घडते, असेही त्या संशोधनातून पुढे आले.

हे निष्कर्ष प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत आणि उंदराच्या पिलाचे हृदय जन्मतः मानवी बाळाच्या हृदयापेक्षा अधिक अपक्व असते, म्हणून ते जसेच्या तसे माणसाला लावणे योग्य नाही. तरीही मानवी पुरावा त्याच दिशेला बोट दाखवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फुप्फुसांच्या आजारासाठी जन्मानंतर डेक्सामेथासोन दिले असता काहींच्या हृदयाच्या भिंती तात्पुरत्या जाड होतात, हे बालरोगतज्ज्ञांनी पूर्वीच नोंदवले आहे; अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या व्यक्तींच्या डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, घडण तरुणपणी वेगळी असते, असे ऑक्सफर्ड येथील २०१३ च्या अभ्यासात दिसले; आणि जन्मवेळचे वजन कमी असणाऱ्यांत पुढे हृदयविकाराने मृत्यू होण्याचे प्रमाण अधिक असते, हे डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमधील हर्टफर्डशायरच्या जुन्या जन्मनोंदींवरून १९८९ मध्ये दाखवले. महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींपासून सुरू केलेल्या अभ्यासाने मातेचे पोषण आणि मुलाचे पुढील आरोग्य यांचा संबंध भारतीय संदर्भात उलगडला.

गर्भातील बाळाला आईच्या कॉर्टिसॉलपासून वाचवणारी एक व्यवस्था निसर्गाने वारेत ठेवलेली आहे. आईच्या रक्तातील कॉर्टिसॉल बाळाकडे जाण्यापूर्वी वारेतील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याचा बराचसा भाग निष्क्रिय करून टाकते. गर्भारपणात प्रथिने कमी मिळालेल्या मादी उंदरांत हे विकर घटलेले आढळते, म्हणजे अर्धपोटी मातेच्या बाबतीत ताण वाढतो आणि त्याच वेळी त्याला अडवणारा बांधही खचतो. बाळाच्या हृदयाची पहिली काळजी म्हणूनच आईच्या ताटात घेतली जाते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली २०१५ पासून आदिवासी क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा गरम चौरस आहार मिळतो. तो घरच्या जेवणाच्या बदली धरला जाऊ नये, घरच्या जेवणात त्याची भर पडावी आणि तो आईनेच खावा, याकडे सासूने व नवऱ्याने लक्ष द्यावे. तूर, उडीद, हरभरा, अंडी, मासे, शेवग्याची पाने असे जे घरात वा बाजारात मिळते त्यातून रोज प्रथिने पोटात जातील असे पाहावे, लोहाच्या गोळ्या जेवणानंतर नियमाने घ्याव्यात, आणि सिकलसेलची तपासणी गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीतच करून घ्यावी, कारण सिकलसेल आजार असलेल्या मातेची वार अनेकदा बाळाला पुरेसा प्राणवायू पोहोचवू शकत नाही व प्राणवायूची टंचाई हा गर्भाच्या दृष्टीने सर्वांत मोठा ताण असतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या आणि होळीच्या सुमारास परतणाऱ्या कुटुंबांत गर्भवती स्त्रियाही असतात. पहाटेपासून मोळ्या वाहणे, कोपीत थंडीने कुडकुडणे, दुसऱ्या राज्यात ओळखीची आशाताई वा नर्स नसणे, हे सारे एकाच वेळी तिच्या वाट्याला येते. सातवा महिना लागलेल्या स्त्रीने ऊसतोडीला जाऊ नये, हा सल्ला देणे सोपे असले तरी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असताना तो पाळणे कुटुंबाला अवघड जाते, याची जाणीव सल्ला देणाऱ्यानेही ठेवली पाहिजे. निदान माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे, पोहोचलेल्या ठिकाणच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे, तिच्याकडे वजन उचलण्याचे काम देऊ नये, आणि प्रसूतीची तारीख महिनाभरावर आली की तिला एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीसोबत गावी परत पाठवावे.

प्रसूतीच्या वेळी बाळाचा श्वास कोंडला तर त्याचे शरीर ताणसंप्रेरकांचा मोठा लोट सोडते आणि रक्त मेंदू, हृदय व अधिवृक्क ग्रंथींकडे वळवते. ही युक्ती थोडा वेळ चालते. प्राणवायूची टंचाई लांबली तर मात्र जोराने धावण्याचा आदेश मिळालेले, पण इंधन नसलेले हृदय स्वतःच जखमी होते आणि त्याची आकुंचन पावण्याची शक्ती घटते. म्हणून दूरच्या पाड्यावरील गर्भवतीने कळा सुरू होण्याची वाट न पाहता काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ यावे. आदिवासी भागातील निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ यासाठीच माहेरघराची सोय केलेली आहे, जिथे ती सोबतच्या नातेवाइकासह राहू शकते. घरी किंवा खासगी माणसाकडून कळा वाढवण्याचे इंजेक्शन कदापि घेऊ नये, कारण त्याने गर्भाशय न थांबता आवळले जाते, दोन कळांमध्ये बाळाला मिळणारी विश्रांती नाहीशी होते आणि वारेतून येणारा प्राणवायू तुटतो. वाहनासाठी १०२ व १०८ हे क्रमांक प्रत्येक घरात माहीत असावेत, आणि रस्ता जिथे संपतो तिथपर्यंत कोणी, कशाने आणायचे हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवावे.

जन्मानंतरच्या ताणांत सर्वांत सार्वत्रिक आणि सर्वांत दुर्लक्षित ताण थंडीचा आहे. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. खांद्यांच्या मध्ये, मानेभोवती व मूत्रपिंडांभोवती असलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब निर्माण करते, आणि ही चरबी पेटवण्याचे काम नॉरॲड्रेनालिन करते. त्यासाठी प्राणवायू व साखर दोन्ही भराभर खर्च होतात, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाच्या उजव्या बाजूला जोर लावावा लागतो आणि जन्मानंतर बंद होत आलेले गर्भकालीन रक्तमार्ग पुन्हा उघडू शकतात, ज्यामुळे अशुद्ध रक्त फुप्फुसांना वळसा घालून शरीरात जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे ही चरबी आणि साखर दोन्ही तुटपुंज्या असतात, त्यामुळे त्याचे हृदय फार लवकर थकते. तोरणमाळ, डाब अशा उंचावरच्या भागांत हिवाळ्यात पहाटे गवतावर हिमकण दिसण्याइतका गारठा पडतो, आणि कुडाच्या भिंतींतून वारा आत येतो, हे लक्षात घेतले तर या एका गोष्टीकडे किती काटेकोरपणे पाहायला हवे ते कळते.

बाळ जन्मताच त्याला कोरड्या सुती फडक्याने पुसावे, ओले फडके लगेच बाजूला करावे, डोक्यावर टोपरे घालावे आणि त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांना पांघरावे. पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी. कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत नर्सने सांगेपर्यंत ओल्या फडक्याने पुसण्यावरच भागवावे. पहिल्या तासातच चिकाचे दूध पाजावे, कारण साखर कमी झाली की अधिवृक्क ग्रंथी पुन्हा ताणसंप्रेरके सोडू लागतात. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, आणि तापमापक नसेल तेव्हा हाताचा मागचा भाग आधी बाळाच्या पोटाला व मग तळपायांना लावून पाहावा : दोन्ही उबदार असतील तर ठीक, पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळावर थंडीचा ताण सुरू झालेला आहे, आणि दोन्ही गार असतील तर ते धोक्यात आहे, त्याला छातीशी धरूनच दवाखान्यात न्यावे. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवण्याची रीत ऊब देण्याच्या हेतूने पडली असली तरी बंद खोलीतील कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो व तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, त्यामुळे हृदयावरचा भार हलका होण्याऐवजी वाढतो.

आईच्या छातीवर त्वचेला त्वचा लावून बाळाला बांधून ठेवण्याची पद्धत, जिला कांगारू मातृसेवा म्हणतात, ती कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस इनक्यूबेटरच्या टंचाईतून सुरू झाली आणि आता ती टंचाईवरची तडजोड राहिलेली नसून पहिल्या पसंतीचा उपचार ठरली आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी ऊब दिली असता मृत्यूंत २५ टक्के घट झाली. दिवसातून शक्य तितका अधिक वेळ, निदान आठ तास, बाळ असे छातीशी असावे. आई थकली की वडिलांनी, आजीने किंवा मावशीने बाळ घ्यावे. झोळीत बाळ पाठीशी वा पोटाशी बांधून कामे करण्याची सातपुड्यातील स्त्रियांची सवय या पद्धतीच्या जवळची आहे, फक्त मधले कपडे दूर करणे आणि बाळाची मान सरळ, नाक मोकळे राहील हे पाहणे एवढेच नव्याने शिकायचे असते.

वेदनेबद्दल थोडेच, पण ठामपणे सांगितले पाहिजे. नवजात बाळाला वेदना कळत नाही हा समज चुकीचा आहे. वेदनेने त्याचे ठोके, रक्तदाब आणि कॉर्टिसॉल वाढते. पोटफुगी वा धाप यांवर उपाय म्हणून बाळाच्या पोटाला तापलेल्या वस्तूने डाग देण्याची प्रथा, जी मेळघाटात डंबा या नावाने ओळखली जाते, ती कुठेही आढळली तर आजाराने आधीच ताणलेल्या हृदयावर तिने दुसरा आघात होतो आणि उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. प्रथा जपणाऱ्या वृद्धांचा अवमान न करता, त्यांनाच सोबत घेऊन दवाखान्यात जाणे हा मार्ग अधिक फळ देतो. लस टोचताना बाळाला अंगावर पाजत ठेवले तर वेदना कमी होते.

यानंतर स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा प्रश्न येतो, आणि त्यात घाईने बाजू घेणे बाळाच्या जिवावर बेतू शकते. अपुऱ्या दिवसांची प्रसूती अटळ दिसत असेल तेव्हा मातेला डेक्सामेथासोनच्याच वर्गातील बीटामेथासोन हे स्टिरॉइड दिल्याने बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले. त्या चाचणीतील मुले ३० वर्षांची झाल्यावर तपासली असता स्टिरॉइड मिळालेल्यांत व न मिळालेल्यांत रक्तदाबाचा वा हृदयविकाराचा फरक आढळला नाही. भारत सरकारने २०१४ मध्ये २४ ते ३४ आठवड्यांच्या गर्भारपणासाठी, डेक्सामेथासोनच्या दर बारा तासांनी ६ मिलिग्रॅमच्या चार मात्रा, असे मार्गदर्शन दिले. मात्र त्याच सुमारास सहा देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीने, जिच्या भारतातील दोन जागा नागपूर व बेळगाव या होत्या, गंभीर इशारा दिला : गर्भाचे दिवस नीट न मोजता आणि नवजात उपचारांची सोय नसलेल्या ठिकाणी ही इंजेक्शने सर्रास दिली गेली तेव्हा कमी वजनाच्या बाळांना लाभ झाला नाही आणि एकूण नवजात मृत्यू दर हजार जन्मांमागे सुमारे साडेतीनने वाढले. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत मात्र, भारतासह पाच देशांतील सुसज्ज रुग्णालयांत सोनोग्राफीने दिवस निश्चित करून तेच औषध दिले असता नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध एकच असताना निकाल उलटे आले ते दिवसांची खात्री आणि उपचारांची सोय यांतील फरकामुळे, आणि नंदुरबारच्या दुर्गम भागासाठी यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. पहिल्या तिमाहीतच सोनोग्राफी करून गर्भाचे दिवस कार्डावर लिहिले जावेत, अपुऱ्या दिवसांत कळा आल्यास मातेला नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयाकडे, म्हणजे बहुधा नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयाकडे, तातडीने हलवावे, आणि इंजेक्शन द्यायचे ते डॉक्टरांच्या निर्णयाने. ताप, थकवा वा अंगदुखी यांवर पटकन गुण यावा म्हणून नोंदणी नसलेल्या माणसाकडून डेक्सामेथासोन टोचून घेण्याचा प्रकार गर्भवतीने, बाळंतिणीने आणि बाळासाठी पूर्णपणे टाळावा. डॉक्टरांनी योग्य कारणासाठी दिलेले स्टिरॉइड मात्र हा लेख वाचून मनाने बंद करू नये, कारण ते एकाएकी थांबवल्यानेही शरीर कोलमडू शकते.

बाळाच्या हृदयावर भार पडत असल्याची चिन्हे बहुतेक वेळा दूध पिताना दिसतात. चार घोट घेऊन बाळ धापा टाकत थांबते, कपाळावर घाम येतो, ओठ वा जीभ निळसर दिसते, शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास मोजले जातात, छाती आत ओढली जाते, वजन वाढत नाही. यांपैकी काहीही दिसल्यास बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी उजव्या हाताला व एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून रक्तातील प्राणवायू मोजून घ्यावा. तो ९० टक्क्यांखाली असल्यास बाळाला तत्काळ तज्ज्ञांकडे नेणे आवश्यक ठरते. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातूनच आशाताईंच्या आजच्या गृहभेटींची पद्धत उभी राहिली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येते, घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवशीही येते, आणि तेव्हा दूध पिणारे बाळ तिला प्रत्यक्ष दाखवणे हे कुटुंबाचे काम आहे. हृदयात जन्मजात दोष आढळल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढील तपासणी व शस्त्रक्रियेचा मार्ग खुला होतो, आणि आजारी अर्भकाला शासकीय दवाखान्यात आणणे, नेणे व उपचार हे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहे.

बाळाचे जन्मवजन, गर्भाचे पूर्ण झालेले आठवडे, जन्मताना श्वास कोंडला होता का, मातेला किंवा बाळाला कोणते स्टिरॉइड कधी व किती दिले, या चार नोंदी माता-बाल संरक्षण कार्डावर शाईने लिहून घ्याव्यात आणि ते कार्ड लसीकरण संपल्यावर फेकून न देता रेशनकार्डासोबत जपून ठेवावे. मूल अंगणवाडीत, आश्रमशाळेत किंवा परगावी ऊसतोडीच्या वस्तीवर तपासले गेले तरी त्या नोंदी डॉक्टरांसमोर ठेवता याव्यात, आणि अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या मुलाचा रक्तदाब वयाच्या तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता आधीपासूनच मोजण्याची विनंती आईवडिलांनी स्वतःहून करावी.